बाईंचे पाहुणे

या घराची बेल वाजली की अजूनही मी दचकते. बाई पावसाळा संपता संपता गेल्या. बेल मात्र तीच आहे, कर्कश, शेवटी जरा घरंगळणारी. बाई असताना ती वाजली की मी हातातलं पुस्तक मिटून आधी जिन्याचा कानोसा घ्यायचे. बाई जागच्या हलायच्या नाहीत. “रिंग पूर्ण होऊ दे,” म्हणायच्या. “अर्ध्या रिंगला उठलं की समोरच्याला वाटतं, आपण त्याचीच वाट बघत बसलोय.”

बाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल लावून देण्याच्या काळापासून त्या कानाला यंत्र लावून बसल्या, त्या थेट निवृत्त होईपर्यंत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातला फोन काढून टाकला. आयुष्यभर लोकांचं बोलणं कानात घेतलं, आता घरात नको, असं त्यांचं म्हणणं. समोरचा बोलू लागला की त्या मान वळवून डावा कान त्याच्याकडे करायच्या. त्यामुळे ज्याच्याशी बोलणं चाललंय त्याला वाटायचं की या बाई आपल्याकडे बघायलाही तयार नाहीत. माझाही पहिल्या दिवशी तसाच समज झाला होता. कसबा पेठेतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एक खोली भाड्यानं मिळेल का, हे मी त्यांच्या कानाला विचारलं होतं. तेव्हा मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नुकतीच लागले होते. राहायला गेले ती राहिलेच.

पाहुणचार हा प्रकार बाईंना ठाऊक नव्हता. मला त्या घरात अर्धा कप चहा मिळायला किती काळ गेला ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. दारात आलेल्याला त्या दारातच उभं ठेवायच्या आणि काम विचारायच्या. आणि याच बाईंच्या नावावर सगळ्या सरकारी दवाखान्यांत मिळून इतके पाहुणे होते, की एखाद्या मंगल कार्यालयात मावले नसते.

त्याची सुरुवात त्यांच्या गुडघ्यापासून झाली. गुडघा दाखवायला त्या सरकारी हॉस्पिटलात केसपेपरच्या रांगेत उभ्या होत्या. पुढे एक छत्तीसगडची बाई, कडेवर तापानं मलूल झालेलं मूल. खिडकीतल्या माणसानं पत्ता विचारला. ती म्हणाली, वारज्यात, नव्या बिल्डिंगमध्ये. कुठली बिल्डिंग? बिल्डिंगला अजून नाव नव्हतं, कारण ती आणि तिचा नवराच ती बांधत होते. खिडकीतला माणूस म्हणाला, पत्ता घेऊन ये, आणि पुढच्याला बोलावलं. पुढच्या म्हणजे बाई. बाईंनी आपल्या पत्त्यावर त्या मुलाचं नाव सांगितलं.

“ही कोण लागते तुमची?”

“पाहुणी.”

“छत्तीसगडहून?”

“पुण्यात पाहुणा यायचा नाही असा काही नियम झालाय का? झाला असला तर लावा बाहेर. बरेच लोक आनंदानं पाळतील.”

हे त्यांनी मला घरी आल्यावर सांगितलं, तेही विचारल्यावर. उपकाराचा शब्द काढला की त्यांचं डोकं उठायचं. म्हणाल्या, “या पत्त्यावर विजेच्या बिलाशिवाय काही येत नाही. माझा पत्ता पडून होता. कुणी वापरला तर झिजणार आहे थोडाच?”

मग ते कामच झालं. सकाळी अकराला जेवायचं, जुन्या पाळीच्या सवयीनं, आणि थर्मासमध्ये गरम पाणी भरून निघायचं. हॉस्पिटलच्या ओसरीत एका बाकावर त्या बसायच्या. बांधकामावरचे, वीटभट्टीवरचे, हडपसरकडच्या कारखान्यांतले कंत्राटी, सगळ्यांना कळलं होतं की त्या बाकावरच्या आजीकडे पत्ता मिळतो. बाई त्यांच्यासोबत खिडकीपर्यंत जायच्या. खिडकीतून नकार आला तर “मी थांबते” एवढंच म्हणायच्या आणि थांबायच्या. त्यांचा थांबण्याचा सूर असा होता की समोरच्याला आपलीच लाइन कुणीतरी अडवून धरल्यासारखं वाटावं. कुणी ओरडू लागलं तर त्या पिशवीतून लिमलेटची गोळी काढून त्याच्यापुढे सरकवायच्या. तोंडात गोळी असताना माणसाला ओरडता येत नाही, हा त्यांचा अनुभव. बहुतेक जण गोळी घ्यायचे. का घ्यायचे, देव जाणे.

पण माणूस डॉक्टरांच्या खोलीत गेला की बाई उठून बाहेर येऊन बसायच्या. त्याला काय झालंय, तो कुठून आला, कुठे जाणार, कागद आहेत की नाहीत, एक शब्द विचारायच्या नाहीत. “लाइन जोडून दिली की कान काढून घ्यायचा,” म्हणायच्या. “ऐकत बसणं हे चोरी करण्यासारखं.” मला ते फार मोठं वाटायचं. आणि त्याच वेळी भीतीही वाटायची. आपल्या पत्त्यावर कोण कोण राहतं हे आपल्यालाच माहीत नाही, या विचारानं माझं वाचनात लक्ष लागायचं नाही. त्यात पहिल्या मजल्यावरचे काका. सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या भाच्यानं हॉस्पिटलात काहीतरी पाहिलं होतं. ते एकदा जिन्यात म्हणाले, “बाई, तुमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ आहे म्हणे. दारात चपला दिसत नाहीत कधी.”

“आत ठेवतात,” बाई म्हणाल्या. “पहिल्या मजल्यावरून चोरीला जातात.”

काका हसले नाहीत. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि मग एका दुपारी बेल वाजली. रिंग पूर्ण झाल्यावर मी दार उघडलं. महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टर उभ्या होत्या. जिना चढून दम लागलेला, काखेत छत्री. त्यांनी विचारलं, बुधराम इथे राहतात का?

बाई आतून म्हणाल्या, “पाहुणे होते. गेले.”

“कुठे गेले?”

बाईंनी मान वळवून डावा कान त्यांच्याकडे केला. त्यांना माहीत नव्हतं.

सिस्टर खुर्ची न मागता बसल्या. बुधराम छत्तीसगडचा, त्याला क्षय होता. गोळ्या सुरू केल्या होत्या, आणि आता तो दवाखान्यात यायचा बंद झाला होता. गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग परत उठतो आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही, हे त्या सांगत होत्या. घरात लहान मुलं आहेत का, बायकोला खोकला आहे का, ते सोडून द्या, निदान तो कुठल्या साइटवर आहे? बाईंना यातलं काहीच सांगता आलं नाही. बाई म्हणाल्या, पत्ता नव्हता म्हणून त्याला परत पाठवत होते, मी पत्ता दिला.

सिस्टर रागावल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं. त्या म्हणाल्या, “आजी, पत्ता मला कागद भरायला नको असतो. परत यायला हवा असतो.”

त्या गेल्यावर बाईंनी दार लावलं. मग म्हणाल्या, “मी सगळ्यांना चुकीच्या नंबरावर जोडून दिलं गं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसनं वारज्याला गेलो. बाईंना बुधरामचा चेहरा आठवत होता आणि खोकला. खोकला त्यांना चेहऱ्यापेक्षा नीट आठवत होता. रांगेतली ती पहिली पाहुणी जी बांधत होती त्याच बिल्डिंगवर तो असावा असं वाटत होतं. तिला आता नाव होतं, रंग होता, खाली वॉचमन होता. वॉचमन म्हणाला, मजूर कधीच गेले, ठेकेदार दुसरीकडे घेऊन गेला. कुठे ते त्याला माहीत नव्हतं. आम्ही पत्र्याच्या खोल्यांमधून फिरलो. बाई प्रत्येक दारापाशी थांबून आत चाललेला खोकला ऐकत होत्या. तो कुठेच नव्हता.

बाईंनी बाकावर बसणं सोडलं नाही. पण कुणी पत्ता मागितला की म्हणायच्या, “पत्ता बंद आहे.” मग दिवसभर नुसत्या बसायच्या.

अशातच नसरीन आली. ती आणि तिचा नवरा अफगाणिस्तानातले. तो इथे शिकायला आला होता, शिक्षण संपलं, आणि परत जाण्यासारखा देश उरला नाही. व्हिसाची मुदत उलटून गेली होती. आसरा मिळावा म्हणून दिल्लीला अर्ज केला होता, त्याचं उत्तर नव्हतं. हडपसरच्या पुढे एका मित्राच्या खोलीत राहत होते आणि घरमालक घाबरून त्यांना जा म्हणत होता. नसरीनला सातवा सरला होता. आधीचं मूल याच दिवसांत गेलं होतं. खासगी दवाखान्यानं पासपोर्ट मागितला आणि तो पाहून मान हलवली. सरकारी खिडकीवर गेलं तर पोलिसांना कळवतील या भीतीनं दोघं फाटकातून दोनदा परत गेले होते. हे सगळं पुढे कळलं. त्या दिवशी तो नुसता बाकापुढे उभा राहिला आणि सिनेमांतून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, आजी, पता चाहिए.

बाई म्हणाल्या, पत्ता बंद आहे.

तो गेला नाही. नसरीन बाकाच्या टोकाला, बाईंच्या डाव्या बाजूला टेकली. तिची पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या तिचा श्वास ऐकत होत्या. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका पाहुण्याला विचारलं, “राहता कुठे?” त्यानं सांगितलं. खोली महिनाअखेरीस सोडायची आहे हेही सांगितलं.

“म्हणजे मी नाही दिला तर तुम्हाला पत्ताच नाही,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

पाहुणी म्हणून बाईंच्या पत्त्यावर केसपेपर झाला आणि डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब बराच चढलेला होता. गोळ्या दिल्या, झोपून राहायला सांगितलं आणि घरी कोण बघतं ते विचारलं. तुमच्या भागातल्या सिस्टर या आठवड्यात घरी येऊन बघतील, त्यांनी सांगितलं तर लगेच दाखल व्हायचं. बाईंनी हे सगळं ऐकलं, कारण त्या दिवशी त्या खोलीबाहेर आल्या नव्हत्या.

संध्याकाळी मी ग्रंथालयातून आले तर माझ्या खोलीत दुसरी खाट लागलेली होती. नसरीन तिच्यावर डाव्या कुशीवर झोपली होती. बाई म्हणाल्या, “पत्ता दिलाय. आता दारही उघडायला हवं.” नंतर, जणू हीच अवघड गोष्ट असावी तशा थांबून, “तिला चहा कसा लागतो विचार.”

पुढचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मी आणि नसरीन एकमेकींकडे बघायचो. तिला बेलची भीती होती, मला काकांची, आणि दोघींनाही तिच्या डोकेदुखीची, कारण डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा दिवसा काम शोधायला जायचा आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहून खिडकीत टॉवेल दिसतो का ते बघून मगच वर यायचा. बाई तिच्याशी मराठीत बोलायच्या, ती बाईंशी तिच्या फारसीत. दवा, दरवाजा, हवा, गरम, आराम एवढे शब्द दोन्हीकडे होते. त्यावर त्यांचं भागायचं. एकदा नसरीननं बाईंचा हात धरून पोटावर ठेवला. बाईंनी हात तसाच ठेवला आणि वाकून पोटाला डावा कान लावला. “आहे लाइनवर,” एवढंच म्हणाल्या.

काकांना कळायचं ते कळलंच. ते वर आले, दारात उभे राहून म्हणाले, परदेशी माणूस घरात ठेवला तर पोलिसांना कळवावं लागतं, तुम्ही नाही कळवलं तर सोसायटी कळवेल.

“मीच जाणार आहे कळवायला,” बाई म्हणाल्या. “बाळंत होऊ द्या. मग तिला, तिच्या नवऱ्याला घेऊन जाते. तुम्हीही चला, साक्षीला.”

काका म्हणाले, उद्यापर्यंत बघतो. त्या उद्याला बेल वाजली. बाई म्हणाल्या नाहीत की रिंग पूर्ण होऊ दे. त्या स्वतः उठल्या.

त्याच सिस्टर होत्या. बुधरामच्या. त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग आतल्या खाटेकडे. त्यांच्या मागोमाग काका जिना चढून आले आणि दारातूनच म्हणाले, “सिस्टर, ही बाई इथली नाही. हे सगळं बनावट आहे.”

सिस्टरनी नसरीनच्या दंडाला पट्टा गुंडाळायला घेतला. “आजी, कधीपासून राहते ही इथे?”

बाई खोटं बोलल्या असत्या तर तिथे त्यांना कुणी पकडू शकलं नसतं. पण त्यांना ते जमायचं नाही. त्या कमी बोलायच्या, खोटं नाही. “या आठवड्यापासून,” त्या म्हणाल्या. “आणि आता इथेच आहे. तुम्ही परत आलात की इथेच भेटेल.”

सिस्टरनी मान वर केली. काका पुन्हा काही बोलू लागले. बाईंनी त्यांच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. सिस्टर म्हणाल्या, “काका, जरा शांत. मला ऐकू येत नाहीये.” खोलीत पट्ट्यातून सुटणाऱ्या हवेचा आवाज तेवढा राहिला. त्यांनी एकदा मोजलं, पुन्हा पट्टा फुगवून मोजलं. नसरीनला विचारलं, सर में दर्द? तिनं डोळे मिटून होकार दिला. सकाळपासून दुखत होतं. आम्ही घाबरू म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

“आत्ता न्यायला हवं,” सिस्टर म्हणाल्या. “जिना उतरायचा नाही तिनं.”

गल्लीत रिक्षा आत येत नाही. मी धावत कोपऱ्यावर जाऊन रिक्षा थांबवली आणि परत आले, तर जिन्यात बाईंची लाकडी खुर्ची खाली येत होती. खुर्चीत नसरीन. एक बाजू सिस्टरनी धरली होती आणि दुसरी काकांनी. काकांच्या गालात गोळी होती. ती सांभाळत ते म्हणत होते, “पोलिसांचं नंतर बघू. अहो, तिरकी नका करू, तिरकी नका करू.”

खिडकीवर पुन्हा तेच. पासपोर्ट, व्हिसा, नातं. खिडकीतला माणूस म्हणाला, परदेशी केस आहे, वर विचारावं लागेल. बाई म्हणाल्या, “विचारा. ती आत जाते आहे. मी इथे थांबते.” सिस्टरनी तोवर स्ट्रेचर आत ढकललं होतं. वर काय विचारलं, काय उत्तर आलं, मला माहीत नाही. केसपेपरवर शिक्का पडला, एवढं दिसलं.

मग आम्ही बसलो. नवऱ्याकडे फोन नव्हता, त्याला निरोप कसा द्यायचा कळेना, काका म्हणाले मी गल्लीच्या तोंडाशी थांबतो, आणि गेले. मी पिशवीतलं पुस्तक काढून एकच पान धरून होते. बाई माझ्या शेजारच्या बाकावर नव्हत्या. त्या ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, मान वळवून, डावा कान दाराकडे. तिथल्या मावशींनी त्यांना दोनदा हटकलं. त्या हलल्या नाहीत. कान काढून घेणाऱ्या बाई मी त्या दिवसानंतर पुन्हा पाहिल्या नाहीत.

मुलगी झाली. इवलीशी, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नसरीन शुद्धीवर यायला वेळ लागला, पण आली. बाईंना सांगायला मी धावत गेले तर त्या म्हणाल्या, “ऐकलं मी. बारीक रडली. पण लाइन स्वच्छ होती.”

बाईंनी शब्द पाळला. बाळ घरी आल्यावर त्या नवरा-बायकोला घेऊन परदेशी लोकांच्या कचेरीत गेल्या, आणि पुढे कितीतरी महिने जात राहिल्या. तिथेही थांबल्या. त्या काळात मी रोज ग्रंथालयातून घरी येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून खिडकीत टॉवेल आहे का ते बघायचे. तो असायचा. शेवटी दिल्लीहून कागद आला, आणि ते तिघं दूरच्या एका थंड देशात गेले. जाताना नसरीन बाईंच्या गळ्यात पडली. बाई काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, हवा गरम नसते तिकडे, पोरीला सांभाळ.

त्यानंतर बाई पुन्हा पत्ता देऊ लागल्या, पण एका अटीवर. आधी त्या स्वतः त्या माणसाची राहायची जागा बघून यायच्या. पत्रा, पाल, अर्धवट बिल्डिंगचा तळमजला, जे असेल ते. गुडघा धरत बस चढायच्या. सिस्टर आल्या की त्यांना घेऊन जायच्या. माणसानं जागा बदलली तर आधी बाईंना कळवायचं, हे ठरलेलं. बहुतेक जण कळवायचे. त्यासाठी बेल वाजायची आणि त्यांना आता घरात यायला मिळायचं. चहा पातळ असायचा.

आणि प्रत्येक साइटवर, निघता निघता, बाई कुणाला तरी विचारायच्या, बुधराम नावाचा कुणी आहे का इथे? असा असा खोकतो. त्या खोकून दाखवायच्या. मजूर हसायचे. शेवटच्या वर्षात त्यांना एकटीनं जमेना तेव्हा मी सोबत जायचे. त्या विचारू लागल्या की मी लांब जाऊन उभी राहायचे. मला ते बघवायचं नाही. इतक्या वर्षांनंतर तो कुठे असणार होता?

बाईंच्या आजारपणात त्यांना फार थांबावं लागलं नाही. घर त्यांच्या पुतण्याचं झालं आहे. तो सभ्य आहे, तुम्हाला हवं तोवर राहा म्हणाला, पण गिऱ्हाईकं घर बघून जातात. काका आता फार म्हातारे झालेत. जिन्यात भेटले की मला म्हणतात, पाहुणे कमी झाले. मी हो म्हणते.

परवा बेल वाजली. मी पुस्तक मिटलं. रिंग पूर्ण होऊ दिली.

नव्या सिस्टर होत्या, तरुण. आधीच्या निवृत्त झाल्या. त्यांनी एका बाईचं नाव विचारलं. क्षयाच्या गोळ्या चालू आहेत, दवाखान्यात आली नाही, इथलाच पत्ता आहे. ही बाई मला माहीत होती. उन्हाळ्यात बाईंबरोबर मी तिच्या खोलीपर्यंत गेले होते. वारज्याच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी.

पाहुणे होते, गेले, असं म्हणून मला दार लावता आलं असतं. घर आता बाईंचं नाही, आणि पत्ता माझा कधीच नव्हता. मी म्हणाले, “बसा. मी चप्पल घालते.”

ती खोलीतच होती. तापानं झोपली होती. शेजारणीनं कळवायचं म्हटलं होतं, पण आजी गेल्याचं कानावर आलं, मग कुणाला कळवणार? सिस्टर तिच्याजवळ बसून तिला समजावत होत्या. मी बाहेर आले. समोरच्या साइटवर स्लॅबचं काम चाललं होतं. घमेली डोक्यावर घेतलेल्या बायका रांगेनं चढत होत्या. सावलीत एक म्हातारा मजूर तंबाखू मळत बसला होता.

मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही. तरी मी त्याच्याजवळ गेले आणि विचारलं, बुधराम नावाचा कुणी आहे का इथे? कुठला, त्यानं विचारलं. छत्तीसगडचा. त्यानं मान हलवली, आणि मग माझ्याकडे नीट बघत म्हणाला, “कौन लगता है आपका?”

“पाहुणे आहेत,” मी म्हणाले. “आमच्याकडचे.”